रविवारचा मुहूर्त आणि माझी दाढ

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम आणि यंदा प्रथमच सविजय नमस्कार. इकडे सगळी मंडळी खुशाल आहेत (एक दाढ वगळून, तिची हकीकत पुढे येईलच), तिकडेही सगळे मजेत असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुर करतो, की त्याने आता तुमच्याशी जमवून घेतलं? मेहुणीबाईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? मागच्या फोनवर त्या म्हणत होत्या, की यंत्र बंद पडल्यापासून रक्तदाब अगदी व्यवस्थित आहे. तसं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, हा माझा सल्ला. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावला असाल. पण साडूभाऊ, मी लढाईवर होतो. आणि जिंकून आलोय!

आमच्या चिमीचं लग्न ठरलं. म्हणजे ठरलं होतं तुम्हाला माहीतच आहे. मुलगा जहाजावर इंजिनियर आहे, दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, आम्ही सगळ्यांनी मान डोलावलीये, इथवर तुम्हाला कळवलं होतं. अडलं होतं ते मुहूर्तापाशी. मुलाला येत्या महिनाअखेरीस जहाजावर हजर व्हायचंय. एकदा चढला की वर्षभर उतरायचा नाही. आणि होणाऱ्या विहीणबाईंनी जाहीर केलं, की या महिन्यात योग्य मुहूर्त मिळाला तर ठीक, नाहीतर पुढे दोन वर्षं मुलाला गुरुबळ नाही, तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही. दोन वर्षं! त्यात एक वर्ष तो पाण्यावर आणि एक वर्ष त्या बाईंच्या हाताखाली. एवढ्यात काय काय फिस्कटेल सांगता येत नाही. चिमी लॅबमधून आली की फोन घेऊन गच्चीवर जायची आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी खाली यायची. मी ठरवलं, की आभाळ खाली आलं तरी चालेल, पण पोरीचं लग्न या महिन्यात लावून देणार.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही लग्नाच्या हॉलचे मॅनेजर, उभी हयात लोकांची लग्नं लावण्यात गेली, तुम्हाला मुहूर्ताची काय कमी? तीच तर गंमत आहे. धंद्यातली गोष्ट आहे, बाहेर बोलू नका. पंचांगात छापलेले मुहूर्त असतात त्या दिवशी हॉलला मारामारी असते, आणि बाकीचे दिवस आम्ही माश्या मारत बसतो. म्हणून आमच्या हॉलच्या गुरुजींशी माझी जुनी समजूत आहे. हॉल कुठल्या दिवशी रिकामा आहे ते मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी त्या दिवशी मुहूर्त काढून द्यायचा. अशा मुहूर्ताला 'काढीव' म्हणतात. गुरुजींचा हात इतका बसलाय, की फोनवर तारीख सांगितली की पलीकडून "उत्तम आहे" असं येतंच. दुर्दैव असं, की विहीणबाईंच्या थोरल्या मुलाचं लग्न आमच्याच हॉलमध्ये, अशाच एका काढीव मुहूर्तावर झालेलं. थोरली सून सहा महिन्यांत वेगळं घर करून राहिली. विहीणबाईंनी त्याचं सगळं खापर मुहूर्तावर फोडलं (थोरली सून कोणावर फोडते ते आमच्या हिला ठाऊक आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही). त्यामुळे मी गुरुजींचं नाव काढताच त्या म्हणाल्या, तुमचा हॉल रिकामा असतो तेव्हाच तुमचे ग्रह चांगले असतात, मला ते ग्रह नकोत.

तरी मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, या वेळी गिऱ्हाइकाचं नाही, माझ्या स्वतःच्या मुलीचं आहे, एक तारीख द्या. आणि साडूभाऊ, गुरुजींनी काय करावं? त्यांनी चक्क पंचांग उघडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना ते उघडताना पाहिलं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती त्यांनी बोटाला थुंकी लावून सोडवली. मी म्हटलं, गुरुजी, हे काय? तर म्हणाले, घरचं कार्य आहे, नीट बघायला हवं. (म्हणजे आजवर बाकीच्यांचं काय बघत होतात, हा प्रश्न मी गिळला. त्यांच्या मुहूर्तांवर माझ्या हॉलचे निम्मे दिवस चालतात.) अर्धा तास मान खाली घालून, बोटांची पेरं मोजून त्यांनी सांगितलं, की हॉल रिकामा असलेल्या एकाही दिवशी चिमीला मुहूर्त नाही. गुरुजींच्या तोंडून "नाही" हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मग राहिला एकच रस्ता, विहीणबाईंचे ज्योतिषी. हे गृहस्थ मूळचे चष्मेवाले. दिवसा डोळे तपासतात आणि संध्याकाळी पत्रिका, दोन्ही त्याच दुकानात आणि त्याच खुर्चीवर. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ आहे. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत चष्म्याच्या फ्रेमा, त्यांच्यावर लहानलहान आरसे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे आपलंच ओशाळलेलं तोंड. टोकाला तो अक्षरांचा तक्ता आणि भिंगांच्या पेटीखाली दाबून ठेवलेलं पंचांग. मी दोन्ही पत्रिका त्यांच्या हातात दिल्या आणि खुर्चीत बसलो. तर त्यांनी सवयीने ती तपासायची जड गोल फ्रेम माझ्या नाकावर चढवली! मी मुलीच्या लग्नासाठी आलोय म्हटलं, तर ते म्हणाले, ठाऊक आहे, मान सरळ ठेवा. मग त्यांनी एका हाताने पंचांग चाळत दुसऱ्या हाताने माझ्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायला सुरुवात केली. शुक्रवार सकाळ घेऊ? (खट्.) नको, मुलीला चंद्र आठवा. बुधवार? (खट्.) मुलाचा घातवार. शनिवार दुपार? (खट्.) भद्रा आहे. आधीचं बरं होतं की हे बरं? मी म्हटलं, मला दोन्ही सारखंच धूसर दिसतंय. कशाबद्दल विचारत होते देव जाणे. शेवटी एक भिंग असं बसलं, की तक्त्याची तळची ओळ लख्ख दिसली आणि त्याच क्षणी ते म्हणाले, रविवार! दुपारच्या आत! महिन्यात हा एकच आहे, दुसरा नाही. मी आनंदाने फ्रेमसकट उठलो आणि तक्त्यावर आपटलो. (नवा चष्माही करायला टाकलाय. नंबर वाढला होता म्हणे.)

नाचतच हॉलवर आलो, वही उघडली आणि मटकन खाली बसलो. रविवार दातांच्या डॉक्टरांना दिलेला. त्यांच्या मुलीचं लग्न, तेही दुपारच्या आत. आणि दिलेला कोणी? मीच! अगदी याच टेबलावर बसून, डॉक्टर, असा मुहूर्त वर्षातून एकदा येतो, घालवू नका, असं छातीवर हात ठेवून मीच त्यांना सांगितलं होतं. विकताना मला वाटलं होतं, की नेहमीप्रमाणे थाप मारतोय. ती थाप खरी निघाली साडूभाऊ, याच्यासारखी नामुष्की नाही! दुसऱ्या हॉलची चौकशी केली, सगळे भरलेले. आणि रिकामा मिळाला असता तरी हॉलच्या मॅनेजरने स्वतःच्या मुलीचं लग्न दुसऱ्याच्या हॉलमध्ये लावायचं? धंद्यातल्या लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

म्हणून डॉक्टरांना रविवारवरून हलवायचं ठरवलं. सरळ जाऊन मागण्यात अर्थ नव्हता. मीच गळ्यात मारलेला दिवस मीच परत कसा मागणार? मी डाव रचला. पेशंट म्हणून जायचं, गप्पा काढायच्या आणि बोलता बोलता रविवारच्या मुहूर्ताबद्दल त्यांच्या मनात अशी पाल चुकचुकवायची, की त्यांनी स्वतःहून दिवस बदलावा. ही म्हणाली, असले धंदे करू नका, सरळ बोला. पण बायकांना राजकारण कळत नाही. (ही वाचणार नाही, पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.)

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? म्हटलं, दाढ दुखते. कुठली? मी तयारी सगळी ग्रहांची केली होती, दाढेची केलीच नव्हती! बोट गेलं तिकडे गेलं. त्यांनी तोंडात आरसा घातला, लोखंडी काडीने टकटक केलं आणि म्हणाले, वरून धडधाकट दिसते, पण अशाच आतून दगा देतात. मी म्हणणार होतो, की ग्रहांचंही तसंच असतं डॉक्टर. विषय काढायला इतकी सुंदर संधी पुन्हा मिळाली नसती. पण तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि ती पाणी ओढणारी नळी. माझ्या तोंडून नुसतं "ऑ ऑ" निघालं. त्याला त्यांनी होकार समजून इंजेक्शन दिलं. अर्ध्या तोंडाचं लाकूड झालं. मी हाताने खुणा करून नको नको म्हणतोय आणि त्यांची नर्स माझा हात हातात घेऊन म्हणतेय, काका, लहान मुलंसुद्धा इतकं घाबरत नाहीत. मग एक कडकड आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा माझी बत्तीस वर्षं इमानेइतबारे चावणारी दाढ ताटलीत पडली होती. डॉक्टर ती उजेडात धरून म्हणाले, अरे, ही तर चांगली आहे की!

आता सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करावं? पण मी मैदान सोडलं नाही. गालात कापसाचा बोळा, ओठ हनुवटीला आलेला, अशा अवस्थेत मी सुरू केलं, की डॉफ्टर, लविवाली भद्ला आहे. त्यांना काही कळेना. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, मी भद्रा-बिद्रा मानत नाही, मला रविवार तुम्ही दिलात म्हणून घेतला, दवाखाना बंद असतो तेवढं सोयीचं. माझा सगळा डाव एका वाक्यात उताणा! जो माणूस मुहूर्तच मानत नाही त्याला वाईट मुहूर्ताची भीती कशी घालणार? मग मला काय झालं कोणास ठाऊक. त्या मागे झुकलेल्या खुर्चीत पडल्या पडल्या मी सगळं सांगून टाकलं. जहाज, गुरुबळ, विहीणबाई, गच्चीवरून लाल डोळ्यांनी उतरणारी चिमी, सगळं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं (इंजेक्शनमुळे). मग डॉक्टर एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, ठीक आहे, तुमच्या मुलीसाठी मी सोमवार घेतो, पण फुलांची सजावट हॉलकडून आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्याही. मी मान हलवली. बोळा नसता तर मिठी मारली असती. सोमवारही हॉल रिकामा नव्हता म्हणा, पण ज्यांच्या नावावर आहे ते आपल्यातलेच, मोठ्या मनाचे लोक आहेत.

तिथून तसाच, सुजलेल्या गालाने, विहीणबाईंच्या दारात उभा राहिलो. रविवार, दुपारच्या आत, तुमच्या चष्मेवाल्यांनी काढलेला, हॉल आमचा! त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. खोट काढायला जागाच नव्हती. गुरुजी माझे नाहीत, मुहूर्त काढीव नाही, दिवस रिकामा नव्हता, भरलेला होता, तो मी स्वतःच्या दाढेच्या बदल्यात मिळवलेला. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, पत्रिका छापायला टाका. साडूभाऊ, त्या एका वाक्यासाठी मी उरलेल्या सगळ्या दाढा दिल्या असत्या. घरी आलो, चिमीला सांगितलं, तर इतकी मोठी घोडी, लहानपणी येत होती तशी धावत येऊन गळ्यात पडली. गाल ठणकला, ब्रह्मांड आठवलं, पण मी हूं की चूं केलं नाही. ग्रह, विहीण, डॉक्टर, जहाज कंपनी, एवढ्या सगळ्यांना मी एकट्याने, फक्त डोक्याच्या जोरावर नमवलं आहे. तुम्ही आता छाती पुढे काढून सांगायला हरकत नाही, की आमचे साडू म्हणजे असे आहेत.

लग्नाला सहकुटुंब यायचंच आहे, वेगळं निमंत्रण काय करायचं? मुलांना आशीर्वाद. मेहुणीबाईंना नमस्कार, त्यांच्या यंत्रालाही.

तुमचा विजयी,
साडू

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. सोमवारी हॉल ज्यांच्या नावावर आहे ते आपल्यातलेच लोक म्हणजे तुम्ही. तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा समारंभ. रागावू नका, पूर्ण वाचा. पंचवीस वर्षं टिकलेलं लग्न दोन दिवसांनी काही विस्कटत नाही. मंगळवारी हॉलमध्ये डासांचं औषध मारायचंय, पण बुधवार मोकळा आहे. मी गुरुजींना फोन करून विचारलं, की लग्नाच्या वाढदिवसाला बुधवार कसा? तर पलीकडून लगेच "उत्तम आहे" आलं. गुरुजी पुन्हा पहिल्यासारखे झालेत, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. तुमच्या होकाराची वाट बघतो. (होकार धरून डॉक्टरांना सोमवार दिलेला आहे.)

आणखी ता. क. मेहुणीबाईंना हे तुमच्या कल्पनेतून निघाल्यासारखं सांगा. मी सांगितलं तर त्या भडकतील.

ता. क. छबू, हे अक्षर तुझ्या ताईचं आहे. पाकीट चिकटवायला यांना डिंक सापडला नाही, म्हणून माझ्याकडे दिलं. भाऊजींनी आणि तू सोमवार अजिबात सोडू नका. डॉक्टरांच्या बायकोशी माझं बोलणं झालंय. त्यांच्या व्याह्यांची माणसं रविवारी रात्री पोचणार, त्यामुळे त्यांना मुळातच सोमवार संध्याकाळ हवी होती. घेतलेला दिवस बदलून कसा मागायचा, याच काळजीत ते नवराबायको होते. हे यांना सांगायला मी दवाखान्यात फोन केला, तोवर दाढ निघाली होती. तुमचं दुपारचं जेवण, त्यांचं लग्न संध्याकाळी. हे सगळ्यांना अख्खा दिवसच विकत आलेत, त्यामुळे दिवसाचे दोन भाग होतात हे यांच्या डोक्यात येत नाही.

आणि मुहूर्ताचं म्हणशील तर ऐक, पण कुणाजवळ बोलू नकोस. चिमी झाली तेव्हा हे हॉलवर होते, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात. नर्सने किती वेळा फोन केला, तिथल्या गडबडीत कोणी उचलेना. उचलला तेव्हा यांनी घड्याळात पाहिलं आणि तीच जन्मवेळ म्हणून लिहून ठेवली. पोर तोवर एक झोप काढून उठली होती. म्हणजे चष्मेवाल्यांनी काढलाय तो मुहूर्त आमच्या चिमीचा नाही, हॉलच्या टेलिफोनचा आहे. मी कधी बोलले नाही. आताही बोलणार नाही. पोर हसायला लागली, मला तेवढं पुरे.

एक काम मात्र तुम्हा दोघांकडे आहे. आदल्या दिवशीच या. दुसऱ्यांची लग्नं लागतात तेव्हा हे कधी समोर नसतात, ऑफिसमध्ये दार लावून बसतात. म्हणतात, वीज बघायची असते, पाणी बघायचं असतं. परवा चिमीने विचारलं, बाबा, तुम्ही कुठे उभे राहणार? तर म्हणाले, ऑफिसमध्ये, ऐनवेळी माइक बंद पडला तर? भाऊजींना सांग, हाताला धरून आणून अगदी पुढे उभं करायचं. चिमीने मला बजावून ठेवलंय, की बाबा समोर दिसल्याशिवाय ती हार घालणार नाही, मुहूर्त टळला तर खुशाल टळू दे.